खाचरात सोडलेली पात

गाव सोडलं त्या दिवशी माझ्या दोन बॅगा कामशेतला तांदळाच्या दुकानात, पोती तोलायच्या काट्यावर तोलल्या होत्या. घरात काटा नव्हता, आणि विमानात एक किलोसुद्धा जास्त चालत नाही, असं माझ्या आधीच कॅनडाला जाऊन बसलेल्या नवऱ्यानं फोनवर चारचारदा बजावलं होतं. दादा बॅगा घेऊन गेला आणि तासाभरानं परत आला तो अंगणातूनच सांगत, अडीच किलो जास्त भरतंय, काय काढायचं ते काढा. मी तांदळाच्या पिशवीकडं बोट केलं. वहिनींनी, म्हणजे दादाच्या बायकोनं, ती पिशवी मांडीखाली ओढून घेतली. "तांदूळ नाही काढायचा," म्हणाल्या, आणि बॅगेतले माझे दोन जाड स्वेटर बाहेर काढले. "हे अंगावर घाला."

तर मे महिन्याच्या उन्हात, एकावर एक दोन स्वेटर घालून मी गाव सोडलं. अख्खी आळी हसत होती. आई डोळ्यांना पदर लावून रडत होती आणि मध्येच माझ्याकडं बघून तिलाही हसू फुटत होतं. आबा म्हणाले, "तितं कुणाला उलटं बोलू नगंस. तुजं तोंड लय चालतं." खरंच आहे ते. गावात माझ्या तोंडाला कुणी लागत नसे.

वहिनी उंबऱ्यात बसून पिशवीचं तोंड सुई-दोऱ्यानं शिवत होत्या. बारीक टाके, जणू कुणाचं झबलंच शिवतायत. मी घामाघूम होऊन समोर उभी होते आणि त्यांच्या भांगाकडं बघत होते. बारा वर्षं एक गोष्ट बोलायची राहिली होती. आता बोल, आता नाही तर कधी, असं मी स्वतःला सांगत होते. त्यांनी दोरा दातानं तोडला, पिशवी माझ्या हातात दिली. मी म्हणाले, "येते." एवढ्या तोंडाळ बाईला त्या दिवशी एक वाक्य जमलं नाही.

ती गोष्ट आज लिहितेय. गावातल्या बायांसाठी लिहितेय, आणि आपल्यातल्या ज्या पोरी लग्नानं, नोकरीनं कुठं कुठं जाऊन पडल्या त्यांच्यासाठीही. तुमच्यातल्या निम्म्या जणी त्या दिवशी तिथं होत्या. तुम्हाला आठवतही नसेल कदाचित.

बाहेरच्यांसाठी आधी आवणीचं सांगते. चिखल केलेल्या खाचरात भाताची रोपं लावतात ती आवणी. आमच्याकडं ती सावडीनं व्हायची. आज माझ्या शेतात तुम्ही या, उद्या तुमच्या शेतात मी येते. जेवण त्या त्या घरचं. बायका एका ओळीनं वाकून उभ्या राहतात, प्रत्येकीला आपला एक पट्टा, त्याला पात म्हणायचं. रोपं पुढं लावत जायचं आणि पाय मागं घेत यायचं. जी सावकाश लावते ती पुढंच राहते, बाकीच्या मागं सरकतात. आणि घरात नवी सून आली असली, की आमची एक ठरलेली मस्करी असायची. ती अशी पुढं राहिली, की तिच्या दोन्ही बाजूंच्या दोघी सरकून तिच्या पातीतही रोपं लावून टाकायच्या. सगळीकडून हिरवी रोपं आणि मध्ये चटईएवढ्या जागेत नवरी. तिनं नाव घ्यायचं, मग कुणीतरी चार झुबके उपटून तिला वाट सोडायची. याला आम्ही कोंडी म्हणायचो. हसायचं, आणि पुन्हा कामाला लागायचं. बहुतेक सुना स्वतःही हसायच्या.

वहिनी आल्या तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्या खंडाळ्याच्या, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या. वडील लाइनवर कामाला. त्या 'नाही' म्हणायच्या, आम्ही 'न्हाई'. अंगणातसुद्धा चपला घालायच्या. दादा कामावरून आला की आधी माझ्याशी बोलायचा, तो आता आधी त्यांच्याशी बोलायला लागला. एवढंच झालं होतं. माझं त्यांनी काहीएक वाकडं केलं नव्हतं. उलट माझी बारावी राहिली होती, तर इंग्रजीचा फॉर्म मी भरून देते म्हणाल्या होत्या. मला त्याचाही राग आला.

अजून एक सांगायला हवं, सांगताना अंगावर काटा येतो तरी. आमच्या घरी तेव्हा संडास नव्हता. बायका पहाटे ओढ्याच्या बाजूला जायच्या. वहिनींना उघड्यावर जायची सवय नव्हती, त्या दिवसभर कशातरी दाबून धरायच्या. ही गोष्ट त्यांनी मला, घरातली जवळच्या वयाची म्हणून, हळूच सांगितली होती. मी ती दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सगळ्यांना सांगितली. लय हशा झाला.

आवणीच्या दिवशी सकाळी मीच त्यांना शिकवलं. रोप कसं धरायचं, अंगठ्यानं कसं रोवायचं, आणि लावलेल्या रोपावर पाय पडू द्यायचा नाही, लक्ष्मी असते ती. त्यांनी मान डोलावली. एका बाजूला माझी पात, दुसऱ्या बाजूला माझी मैत्रीण कमल. साडेदहा-अकराच्या सुमारास आम्ही दोघींनी त्यांना कोंडलं.

त्यांनी कंबर सरळ केली, मागं बघितलं आणि त्यांना कळलं. थोड्या लाजल्या, मग छान मोठ्या आवाजात नाव घेतलं. मला अजून पाठ आहे ते.

"खंडाळ्याच्या क्वार्टरमधून दिसतो सारा घाट,
संजयरावांचं नाव घेते, वन्सं सोडा वाट."

बायका वा वा म्हणाल्या. वाट सोडायचं काम माझं होतं, माझंच नाव घेतलं होतं ना. मी म्हणाले, "ऐकू न्हाई आलं." त्यांनी परत घेतलं. मी म्हणाले, "आता इंग्रजीतून घ्या." पुन्हा हशा. मग मी वाकले आणि आपली पात लावत मागं सरकत राहिले. कमल म्हणाली, सोड की आता. मी म्हणाले, राहू दे जरा, क्वार्टरचं पाणी किती खोल हाय बघू.

आमच्यातली कुणी असती तर दोन शिव्या हासडून, रोपांच्या मधनं अलगद पाय टाकत बाहेर आली असती. तेवढी जागा असतेच. पण वहिनींना सांगितलं होतं की रोपावर पाय पडू द्यायचा नाही, आणि त्यांनी ते जसंच्या तसं धरलं होतं. मला ते कळत होतं. मला कळत होतं म्हणूनच मजा येत होती. हे वाक्य लिहायला मला अठ्ठावीस वर्षं लागली. मी तेव्हा रागात नव्हते, भांडण नव्हतं, काही नव्हतं. मला नुसतं बरं वाटत होतं. सगळ्या माझ्या विनोदाला हसत होत्या, पाठ दुखायची थांबली होती, आणि एक माणूस मधोमध अडकून उभं होतं. वाईटपणा करताना माणसाला वाईट वाटत असेल, असं मी पूर्वी समजायचे. तसं काही नसतं. फार हलकं वाटतं.

एकच्या सुमारास आई भाकऱ्यांची पाटी घेऊन आली. आम्ही हातपाय धुऊन बांधावर गोल करून बसलो. वहिनी अजून खाचरातच. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, वर पाऊस. त्यांनी एकदा हाक मारली, "वन्सं, वाट द्या ना." आवाज वेगळा होता. मी एकदा मागं वळून बघितलं. आणि परत ताटाकडं वळले.

थोड्या वेळानं त्या खाली बसल्या. चिखलात, कमरेपर्यंत पाण्यात. "बसली की गं, दमली सून," कुणीतरी म्हणालं आणि बाया हसल्या. आम्ही गोल करून बसलो होतो, तोंडं एकमेकींकडं. बौद्धवाडीतल्या सोनामावशी मात्र आमच्या गोलात नव्हत्या. त्या सावडीला यायच्या, आमच्याइतकीच पात लावायच्या, आणि जेवताना बांधाच्या टोकाला वेगळ्या बसायच्या. त्या वेगळ्या का बसतात, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही, कारण मला माहीत होतं. वेगळं बसल्यामुळं त्यांचं तोंड शेताकडं होतं. त्यांनी वहिनींना बसताना बघितलं आणि त्या का बसल्या ते त्यांना समजलं. सकाळपासून दाबून धरलेलं आवरलं नव्हतं.

सोनामावशींनी भाकरी खाली ठेवली आणि सरळ खाचरात शिरल्या. पाय वाचवत नाही, अलगद नाही. लावलेल्या रोपांतून, धपाधप. आई ओरडली, "सोने, रोपं तुडवलीस की."

"तुडवली," त्या मागं न बघता म्हणाल्या. "लावती परत."

वहिनींपाशी जाऊन त्यांनी आधी त्यांच्या अंगावर चिखलाचं पाणी उडवलं, चांगलं गळ्यापर्यंत, म्हणजे लुगडं कुठं कशानं भिजलंय ते कुणाला कळू नये. मग स्वतःचा प्लॅस्टिकचा कागद त्यांच्या कमरेला गुंडाळला. "चल माजे बाई," म्हणाल्या, आणि हाताला धरून ओढ्याकडं घेऊन गेल्या. परत येऊन अर्धवट भाकरी तशीच ठेवून त्यांनी तुडवलेलं एकेक रोप पुन्हा रोवलं. कुणी मदतीला गेलं नाही. मीही नाही.

घरी गेल्यावर आई वहिनींना म्हणाली, "मस्करी व्हती गं. मनावर घेऊ नको." आईनं वाईट मनानं नाही म्हटलं. पण त्या एका शब्दानं सगळं झाकून टाकलं, आणि मला हायसं वाटलं. वहिनींनी दादाला अवाक्षर सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात माझा बारावीचा फॉर्म त्यांनीच भरला. इंग्रजी शिकवलं. मी पास झाले, तळेगावच्या मुलाशी लग्न झालं, तो कंपनीतून कॅनडाला गेला, पाठोपाठ मी. बेल्टवरच्या सुपरवायझरशी आज मी जे इंग्रजी बोलते ते वहिनींचं आहे.

हो, बेल्ट. टोरांटोच्या बाहेर गोठवलेल्या पराठ्यांचा कारखाना आहे, तिथं मी कामाला लागले. गरम पराठे बेल्टवरून येतात, आपण पाच-पाच मोजून ट्रेमध्ये ठेवायचे. नवीन होते तेव्हा माझा हात सावकाश. शेजारच्या दोघी आपल्याच देशातल्या होत्या. राज्याचं नाव सांगत नाही, त्या आपल्यातल्याही असू शकल्या असत्या. त्या आपल्या वाट्याचे पराठे न उचलता माझ्याकडं सोडायच्या आणि ढीग झाला की हसायच्या. बेल्टवरून उठायचं तर जागेवर कुणीतरी उभं राहावं लागतं, त्याला रिलीफ म्हणतात. एका शिफ्टला मी तीनदा रिलीफ मागितला. दोघी म्हणाल्या, ऐकू नाही आलं.

अगदी माझे शब्द.

पलीकडच्या लाइनवर डोरीन नावाची जमैकाची थोराड बाई होती. तिनं आपले हातमोजे झटकले, माझ्या जागेवर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, जा, मी आहे. तिच्या लाइनवर मागं ढीग लागला, तिला बोलणी बसली. मी बाथरूममध्ये जाऊन हमसून रडले. मला छळलं म्हणून नव्हे. त्या दिवशी वहिनींना काय झालं असेल ते पहिल्यांदा माझ्या पोटात, अगदी ओटीपोटात कळलं, म्हणून.

त्याच आठवड्यात वहिनींना फोन लावला. सगळं बोलायचं ठरवून लावला. थंडी किती आहे ते बोललो, तांदूळ संपत आला ते बोललो. ठेवला. असे किती फोन झाले, देव जाणे. मध्ये सोनामावशी गेल्या, तेही फोनवरच कळलं. त्यांना तर सांगायचं कायमचं राहूनच गेलं.

आणि एवढं होऊनही माझी जीभ काही सुधारली नाही, ते पण ऐका. दादा दर वर्षी आवणी झाली की घरच्या ग्रुपवर खाचरांचे फोटो टाकतो. दर वर्षी आमच्या मोठ्या खाचरात मधोमध एक पट्टा मोकळा दिसायचा. सगळं हिरवं आणि मध्ये नुसतं पाणी. एका वर्षी मी लिहिलं, "वहिनींची एक पात राहिली वाटतं. क्वार्टरची सवय अजून जाईना." पुढं चार हसरे चेहरे. वहिनींनी उत्तर दिलं, "हो, राहिली." पुढच्या वर्षी मी पुन्हा तोच विनोद केला.

मधल्या वर्षांत दोनदा आले, पण डिसेंबरात, भात निघून गेल्यावर. यंदा मुद्दाम जुलैत आले. वहिनींच्या ओंकारचं लग्न झालंय, नव्या सुनेची, प्रतीक्षाची, पहिली आवणी. ती कुसगावच्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे, दोन दिवस रजा काढून आली होती. लोणावळ्यात शनिवारची गाड्यांची रांग एक्सप्रेसवेपर्यंत लागलेली. गाव ओळखू येत नाही म्हणावं तर येतंही. बहुतेकांची आवणी आता मजूर लावून होते, पण वहिनींनी मोठ्या खाचरासाठी सावड मोडू दिलेली नाही.

वहिनींनी आधी दोरी ताणून मधला पट्टा आखला. मग एका बाजूला प्रतीक्षाला उभं केलं. दुसऱ्या बाजूला मला बोलावलं. "वन्सं, तुम्ही इथं. सवय गेली असेल." मी वाकले आणि हात सवयीनं त्या पट्ट्यात गेला. प्रतीक्षानं माझं मनगट धरलं.

"आत्या, तिथं नाही लावायचं. ती नवीन माणसाला बाहेर यायची जागा आहे. अडकायला झालं की सरळ निघून यायचं, कुणाला विचारायचं नाही." आणि मग कौतुकानं म्हणाली, "तुमच्या घरची जुनी पद्धत आहे ना ही? आमच्याकडं नाही असं."

माझ्या हातातली रोपं हातातच राहिली. पलीकडं वहिनी वाकून लावत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी 'हो' म्हणाले असते तर कुणीही काही बोललं नसतं. तिथं कमल होती, तिनंही चिखलाकडं बघितलं. दीड तास तशीच लावत राहिले.

जेवायला सगळ्या एका ओळीत बांधावर बसल्या, तोंडं शेताकडं करून. बौद्धवाडीच्या, आळीतल्या, सगळ्या एकाच ओळीत. सोनामावशींची सून माझ्या शेजारी. हेही वहिनींचं. मी भाकरी खाली ठेवली आणि म्हणाले, "प्रतीक्षा, ही आमच्या घरची पद्धत नाही. आमच्या घरची पद्धत वेगळी होती." आणि सगळं सांगितलं. पाणवठ्यावरचं हसू, इंग्रजीतून नाव घ्या म्हटलेलं, सगळं. फक्त वहिनी चिखलात का बसल्या तेवढं नाही सांगितलं. ते आज इथं लिहिलंय, तेही वहिनींना विचारून. लिहा, म्हणाल्या. पोरींना कळू दे. त्या ओळीत तेव्हा मात्र मी एवढंच म्हणाले की वहिनींनी दोन तास वाट मागितली आणि मी दिली नाही.

कमल रडायला लागली. मी वहिनींना म्हणाले, "चुकलं माझं. फार चुकलं."

वहिनी मला 'असू दे' वगैरे काही म्हणाल्या नाहीत. त्या शेताकडं बघत म्हणाल्या, "तुम्ही एकदा मागं वळून बघितलं होतंत, वन्सं. मला वाटलं, येताय."

इतकी वर्षं मी समजत होते की ते वळून बघणं फक्त मला माहीत आहे.

मग त्या म्हणाल्या, "मी विसरले नाही काही. विसरले असते, तर आज या पोरीला मीच कोंडलं असतं. सासू झाले ना आता." त्यांनी माझ्या भाकरीवर पिठल्याचा गोळा वाढला. "जेवा. गार होतंय."

दुपारी पुन्हा उतरलो. माझे गुडघे राहिलेले नाहीत, कॅनडाच्या सिमेंटवर सोळा वर्षं उभी राहून गेले ते. तासाभरात सगळ्या मागं सरकल्या, प्रतीक्षासुद्धा सरकली, आणि मी पुढंच राहिले. मला उशीर होतोय म्हणून पलीकडच्या बाईनं माझ्या मागची पातही लावून टाकली होती. पाठ सरळ करून बघितलं तर तिन्ही बाजूंना रोपं. त्या वयातले पाय असते तर मधनं टाकले असते. आता तोल जाईल अशी भीती वाटली. हाक मारावी का, असं क्षणभर मनात आलं. आणि कुठल्या तोंडानं मारावी, असंही.

चौथ्या बाजूला तो पट्टा होता. पाणी निवळलं होतं, तळाचा चिखल दिसत होता. गावाला घर म्हणायचं की नाही, हा प्रश्न मला विमानात दर वेळी पडायचा. आई नाही, आबा नाहीत, माझ्या नावाची तिथं एक काडी नाही. त्या पट्ट्यात पाय टाकला तेव्हा तो प्रश्न पडला नाही. मी ज्यांना वाट दिली नव्हती, त्यांनी माझ्यासाठीही एक ठेवली होती, आणि मी तिच्यावर लांबून हसत होते.

बांधावर पोचले तेव्हा वहिनींनी हात पुढं केला. मी वर आले. रोपांपैकी एकही तुडवलं गेलं नव्हतं.